आवाज थांबले, पण रक्ताचे रिपोर्ट बिघडले. दोन्ही एकत्र कसे वाचायचे?

रानजाई

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन वर्ष व्हायला आलं. ओलान्झापीन १५ मिलिग्रॅम, रात्री झोपताना एक गोळी. बाकी काही औषध नाही.

गोळी लागू पडली हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी औषधाविरुद्ध गाऱ्हाणं घेऊन आलेय. निदानाआधीचे काही महिने तो खोलीतला पंखा लावूच द्यायचा नाही. पंख्याच्या घरघरीतून दोन माणसं त्याच्याविषयी बोलायची. त्यातला एकजण त्याच्या प्रत्येक हालचालीचं समालोचन करायचा. हा हात धुवायला उठला की "उठला बघ, आता हात धुणार". मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलेली असायची. आज तो पंख्याखाली झोपतो, अर्धवट सुटलेला ड्रॉइंगचा कोर्स पुन्हा करतोय, आणि परवा त्याने स्वतःहून मला विचारलं, "तू जेवलीस का?" असं काहीतरी तो कधी विचारेल याची मी वाट बघत होते.

आता दुसरी बाजू. मी हिशेब तपासण्याचं काम करते, त्यामुळे आकडे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय मला काही दिसत नाही. गोळी सुरू व्हायच्या आधी फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, म्हणून तुलना करता येते. वजन ६१ किलो होतं, आता ७४. उपाशीपोटी साखर ८८ होती, आता १०६. एचबीएवनसी, म्हणजे साखरेची काही महिन्यांची सरासरी, ५.२ वरून ५.९. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १३२ वरून २४८. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ४४ वरून ३५. कमरेचा घेर आधी कुणी मोजला नव्हता, आता ९४ सेंटिमीटर. रक्तदाब तेवढा ठीक, १२४/८०. आईच्या बाजूला मधुमेह आहे.

मला कळत नाही ते असं. हे सगळं तो जास्त खातो म्हणून होतंय की गोळी थेट शरीरात काही करते? घरात सगळे त्याला "तोंडावर ताबा ठेव" म्हणत असतात आणि ते मला पटत नाही, पण खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. दुसरं, शरीराचे एवढे आकडे मिळतात, मग मेंदूचा एकही का मिळत नाही? एका लॅबने लघवीतून "डोपामिन, सेरोटोनिनचं पॅनेल", म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या रसायनांची मोजणी, करून देतो असं सांगितलं. करावं का? आणि तिसरं, एका नातेवाईकाने छातीठोकपणे सांगितलं की वजन वाढतंय म्हणजे औषध अंगी लागतंय, काळजी करू नका. यात काही तथ्य आहे का?

पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलायचंच आहे. पण मागच्या वेळी रिपोर्ट पुढे केले तर "आवाज थांबलेत ना, मग झालं" एवढंच ऐकून आम्ही परत आलो. या वेळी नीट तयारीने जायचंय.

जुना_शुभंकर

ताई, माझी मुलगी क्लोझापीनवर आहे, याच आजारावरचं औषध, बरीच वर्षं. आधी दोन औषधं होऊन गेली, दोन्हींनी काही झालं नाही. त्यामुळे तुमच्या कागदावरचे आकडे मला ओळखीचे आहेत, थोड्याफार फरकाने आमच्याही वहीत तेच आहेत.

"तोंडावर ताबा ठेव" हे घरात बंद करा. आजच करा. माझी मुलगी सांगायची की पोट भरल्याची जाणीवच होत नाही. जेवून उठल्यावर अर्ध्या तासात तिला पहिल्यासारखी भूक असायची. जी खूण शरीर देतच नाही ती तिने कशी पाळायची? आमच्याकडे फरक पडला तो घरातल्या सगळ्यांचंच जेवण बदलल्यावर. गोड पेयं घरात आणणं बंद केलं, रात्रीचं जेवण गोळीच्या बरंच आधी ठेवलं, आणि ती नि मी रोज संध्याकाळी एकत्र चालायला लागलो. वजन फार उतरलं नाही, पण चढायचं थांबलं.

एक भीती मीही बरीच वर्षं बाळगली, की ही औषधं आतून पोखरून आयुष्य कमी करतात. त्यावर २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये फिनलंडचा एक मोठा अभ्यास आला, ११ वर्षांच्या नोंदींवरचा. क्लोझापीन वजन-साखरेसाठी सगळ्यात बदनाम, आणि तरी त्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण क्लोझापीनवाल्यांमध्येच सगळ्यात कमी होतं. कुठलंच अँटिसायकोटिक, म्हणजे या आजारावरचं औषध, न घेणाऱ्यांमध्ये ते जास्त होतं. याचा अर्थ साखरेकडे दुर्लक्ष करा असा होत नाही. पण रिपोर्ट बघून घाबरून गोळी थांबवायचा विचार कधी मनात आला तर हे आठवा.

चेतापेशी

मी न्यूरोकेमिस्ट्रीत काम करते. रुग्ण तपासत नाही, त्यामुळे कोणती गोळी द्यावी यावर मी बोलणार नाही. पण "मेंदूचा आकडा का मिळत नाही" या प्रश्नाभोवतीच माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लघवीचं पॅनेल करू नका. लघवीत जे डोपामिन सापडतं ते बहुतांश मूत्रपिंडानेच तयार केलेलं असतं. मेंदूतलं डोपामिन रक्त आणि मेंदू यांमधली सीमा ओलांडत नाही. तेव्हा त्या पॅनेलमधला "डोपामिन जास्त" हा शेरा तुमच्या भावाच्या मेंदूबद्दल काहीच सांगत नाही. त्यावरून कुणी पूरक गोळ्या लिहून देत असेल तर अजिबात घेऊ नका.

मेंदूतलं डोपामिन वापरून झालं की त्याचं विघटन होतं आणि शेवटी होमोव्हॅनिलिक आम्ल उरतं. आम्ही त्याला एचव्हीए म्हणतो. हे मात्र मेंदूतून बाहेर पडतं, पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात येतं, रक्तात येतं, लघवीतही येतं. याच वाटेने माणसांनी मेंदूत डोकावायचा प्रयत्न केला. सुरुवात स्वीडनचे औषधशास्त्रज्ञ अर्विड कार्लसन यांनी केली. क्लोरप्रोमझीन हे सुरुवातीचं अँटिसायकोटिक १९५२ पासून मनोरुग्णांना दिलं जात होतं, गुण येत होता, पण ते नेमकं करतं काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. १९६३ मध्ये कार्लसन आणि लिंडक्विस्ट यांनी उंदरांना क्लोरप्रोमझीन आणि हॅलोपेरिडॉल दिलं, तेव्हा मेंदूत डोपामिनचे विघटित पदार्थ वाढलेले दिसले. डोपामिन स्वतः कमी झालेलं नव्हतं. त्यांनी तर्क केला की औषध डोपामिनचे ग्राहक (पेशीवरच्या ज्या जागांवर बसून डोपामिन संदेश देतं त्या, रिसेप्टर) अडवून बसतं, संदेश पोचत नाही, आणि पेशी भरपाई म्हणून आणखी डोपामिन सोडत राहतात. हा तर्क पुढे खरा ठरला. २००० सालचं नोबेल कार्लसन यांना वाटून मिळालं ते डोपामिनवरच्या कामासाठी.

माणसांत मोजणी सुरू झाली तेव्हा एक सुंदर गोष्ट दिसली. औषध सुरू केल्यावर पहिल्या दिवसांत रक्तातलं एचव्हीए वाढतं, आणि पुढच्या आठवड्यांत ज्यांना गुण येतो त्यांच्यात ते खाली येत जातं. प्राण्यांवरच्या कामातून त्याचं एक स्पष्टीकरणही मिळालं. ग्राहक अडवल्यावर डोपामिनच्या पेशी आधी जोरात धडपडतात, पण औषध चालू राहिलं की त्यांतल्या बऱ्याच गप्प होतात. ग्राहकांवर औषधाचा ताबा बसतो काही तासांत. मनावरचा परिणाम मात्र दिवसा-दिवसाने, आठवड्या-आठवड्याने चढत जातो. त्या उशिराचा काही अर्थ इथे लागतो.

मग हे एचव्हीए दवाखान्यात का वापरत नाहीत? कारण रक्तातल्या एचव्हीएचा मोठा वाटा मेंदूबाहेरच्या मज्जातंतूंतून येतो. जेवण, चालणं-फिरणं, दिवसाची वेळ, सगळ्याने तो हलतो. साऱ्या गावाच्या सांडपाण्यावरून एका घरात आज काय शिजलं ते ओळखण्यासारखं आहे ते. शंभर रुग्णांची सरासरी काढली तर चित्र दिसतं. एका माणसाच्या एका नळीतून दिसत नाही.

पेट स्कॅन या मेंदूच्या चित्रणाने ग्राहकांवरचा ताबा थेट मोजता येतो. डी२ हा डोपामिनच्या ग्राहकांचा एक प्रकार. साधारण ६५ टक्के डी२ ग्राहक अडवले गेले की गुण येण्याची शक्यता वाढते, आणि ७८-८० टक्क्यांच्या वर हात कापणं, स्नायू आखडणं, बेचैनी हे त्रास वाढतात. ही खिडकी अरुंद आहे. ओलान्झापीनचा नेहमीचा डोस साधारण याच पट्ट्यात बसतो. क्लोझापीन यात बसतच नाही, ते डी२ त्याहून कमी अडवतं आणि तरीही दुसऱ्या औषधांनी हात टेकलेल्या रुग्णांना गुण देतं. म्हणजे डोपामिन ही पूर्ण गोष्ट नाही. पेट स्कॅनमध्ये बहुतेक रुग्णांच्या स्ट्रायाटममध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या एका भागात, डोपामिन तयार करण्याची क्षमता वाढलेली दिसते, पण ज्यांना नेहमीच्या औषधांनी गुण येत नाही अशांत ती बऱ्याचदा वाढलेली नसते. त्यांच्यातल्या काहींमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे आणखी एक निरोप पोचवणारं रसायन जास्त आढळलं आहे. ते एमआरआयच्याच यंत्रावर स्पेक्ट्रोस्कोपीने मोजतात. केटामिन हे भुलीचं औषध ग्लुटामेटचे एनएमडीए नावाचे ग्राहक अडवतं आणि निरोगी माणसातही थोड्या वेळापुरते भास-भ्रम निर्माण करू शकतं. ग्लुटामेटकडे लक्ष वळलं ते अशा निरीक्षणांमुळे. हे सगळं आज संशोधनातच आहे. तुमच्या भावाच्या मेंदूची तपासणी तूर्त तुम्हीच करताय, पंखा चालू आहे की बंद ते बघून. मी हे मनापासून लिहितेय. ती नोंद कुठल्याही पॅनेलपेक्षा जास्त खरी आहे, ती तारखेसकट लिहून ठेवा.

आता शरीराकडे. ओलान्झापीन फक्त डी२ वर बसत नाही. ते हिस्टामिनच्या एच१ ग्राहकावर घट्ट बसतं, सेरोटोनिनच्या २सी ग्राहकावर बसतं, आणि ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या एम३ नावाच्या मस्करिनिक ग्राहकावरही. पहिले दोन मेंदूच्या हायपोथॅलॅमसमध्ये तृप्तीचा संदेश देण्याच्या कामात असतात. ते अडवले की भूक भागत नाही. कोणत्या अँटिसायकोटिकने वजन किती वाढणार याचा अंदाज बांधायला एच१ वरची पकड हा चांगला निकष ठरला आहे. एम३ स्वादुपिंडात आहे आणि इन्शुलिन सुटण्याशी त्याचा संबंध आहे. शिवाय स्वादुपिंडाच्या बीटा पेशींवर स्वतः डी२ ग्राहकही असतात. डोक्यासाठी घेतलेली गोळी ज्या कुलपांत बसते, ती कुलपं पोटातही आहेत.

तेव्हा "जास्त खातो म्हणून" हे अर्धंच खरं. २०१३ साली डायबिटीस या नियतकालिकात एक छोटा पण फार नीट आखलेला प्रयोग छापून आला. निरोगी माणसांना नऊ दिवस ओलान्झापीन दिलं, खाणं आणि हालचाल दोन्ही नियंत्रणात ठेवलं. वजन वाढलं नाही, तरी जेवणानंतरचं इन्शुलिन वाढलं आणि शरीर इन्शुलिनला कमी दाद देऊ लागलं. घरच्यांना एवढं एकच सांगितलंत तरी पुरे.

आणखी एक बाजू आहे, ती लोक विसरतात. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या आणि एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांचे अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये एक विश्लेषण आलं. त्यात निरोगी लोकांच्या तुलनेत त्यांची उपाशीपोटी साखर, इन्शुलिन आणि इन्शुलिनला होणारा विरोध थोडा जास्त निघाला. १८७९ मध्येच हेन्री मॉड्स्ली या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं की वेडाचा आजार असलेल्या कुटुंबांत मधुमेह वारंवार दिसतो. तेव्हा यातलं कुठलंच औषध अस्तित्वात नव्हतं. आजार आणि साखर यांचं काही नातं गोळीच्या आधीपासून आहे, आणि गोळी त्यात भर घालते.

नातेवाईकांच्या म्हणण्यात किंचित तथ्य आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. २०२० मध्ये १८ अँटिसायकोटिकांची चयापचयाच्या, म्हणजे वजन-साखर-चरबीच्या, अंगाने तुलना झाली. ओलान्झापीन आणि क्लोझापीन सगळ्यात वाईट ठरली, आणि लक्षणांतली सुधारणा व चयापचयातला बिघाड या दोन गोष्टी बरोबर सरकताना दिसल्या. पण हे अनेक गटांच्या सरासरीतलं नातं आहे. १३ किलो वाढूनही आवाज न थांबलेले लोक आहेत, आणि एक किलोही न वाढता बरे झालेले आहेत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत झॅनोमेलीन-ट्रॉस्पियम या औषधांच्या जोडीला स्किझोफ्रेनियासाठी मान्यता मिळाली. ते डी२ अडवतच नाही, मस्करिनिक ग्राहकांमार्फत काम करतं आणि वजनावर त्याचा फारसा परिणाम चाचण्यांत दिसला नाही. गुण येण्यासाठी वजन वाढायलाच हवं असतं, तर हे शक्यच झालं नसतं.

मनमोकळा

मी शुभार्थी आहे, म्हणजे हा आजार मी स्वतः भोगलाय. ओलान्झापीन घेतलंय, आता दुसऱ्या औषधावर आहे.

वर सगळं बरोबर लिहिलंय, पण त्या कागदाबद्दल मला काही सांगायचंय. तो कागद तुमच्या भावाने पाहिलाय का? माझे रिपोर्ट आई-बाबा आणि डॉक्टर माझ्यासमोरच, पण माझ्या डोक्यावरून एकमेकांना दाखवायचे. समालोचनाचा त्रास ज्याने सोसलाय, त्याच्या खाण्या-उठण्यावर घरातून परत समालोचन सुरू झालं तर त्याला कसं वाटत असेल याचा विचार करा. मला तरी आवाज गेल्यावरही बराच काळ वाटायचं की मला कुणीतरी मोजतंय. आणि ते खरंच होतं, रोज सकाळी वजनकाट्यावर उभं करायचे.

ती भूक कशी असते तेही सांगतो. गोळी घेतल्यावर तासाभरात यायची, झोपेत असलो तरी उठवायची. चव लागायची नाही, नुसतं आत टाकत राहावंसं वाटायचं. दुसऱ्या दिवशी लाज वाटायची. ते गोळीमुळे होतंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, मी समजत होतो की मी हावरट झालोय. हे कळलं त्या दिवशी मी फार रडलो, पण हलकं वाटलं.

कोर्स करतोय म्हणालात ना, म्हणजे त्याला तक्ते आवडत असतील. रकाने त्यालाच आखू द्या. आकड्यांच्या शेजारी त्याचे स्वतःचे रकाने असू द्यात, झोप, आवाज, भूक, लक्ष लागणं. आणि डॉक्टरांकडे त्यालाच बोलू द्या. आवाज थांबले म्हणजे "झालं" असं नसतं. माझे आवाज थांबले होते, पण मी जिना चढताना धापा टाकत होतो आणि आरशात बघत नव्हतो.

मनोवैद्य

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. पडद्यामागून कुणाला औषध सांगता येत नाही, पण भेटीची तयारी करून देता येईल. "आवाज थांबलेत ना" हे उत्तर अपुरं होतं. तुमच्या भावाला आत्ता उपचार हवेत, फक्त लक्ष ठेवणं पुरेसं नाही.

कारण असं. मेटॅबॉलिक सिंड्रोम म्हणजे साखर, चरबी, रक्तदाब आणि पोटाचा घेर एकत्र बिघडणं. त्याचे पाच निकष आहेत आणि तीन भरले की निदान होतं. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, पुरुषात एचडीएल ४० पेक्षा कमी, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, आणि कमरेचा घेर. घेराची मर्यादा वंशानुसार बदलते, दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ती ९० सेंटिमीटर धरतात. तुम्ही दिलेल्या आकड्यांत पाचपैकी चार भरतात. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, अजून आत नाही. वय २६, घरात मधुमेह. हस्तक्षेप करायची हीच वेळ आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्यांचं आयुर्मान सरासरी १५ वर्षांच्या आसपास कमी भरतं, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा फार मोठा आहे.

अमेरिकेच्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी २००४ मध्ये मिळून एक वेळापत्रक दिलं, आजही तेच आधाराला घेतलं जातं. औषधाआधी वजन, घेर, रक्तदाब, साखर, चरबी. मग वजन ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, पुढे दर तिमाहीला. साखर, चरबी आणि रक्तदाब १२ आठवड्यांनी पुन्हा, आणि पुढे साखर व रक्तदाब किमान वर्षातून एकदा. माझा स्वतःचा आग्रह पहिल्या महिन्यावर असतो. पहिल्या महिन्यात वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं तर पुढेही बरंच वाढण्याची शक्यता असते, आणि तेव्हा थोपवणं नंतर उतरवण्यापेक्षा सोपं जातं. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत ते उशिरा बोलतं. तेव्हा उपाशीपोटी साखर आणि ट्रायग्लिसराइड आधी हलतात.

वाटा कोणत्या? पहिली, ओलान्झापीन चालू ठेवून मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध जोडणं. सरासरी तीनेक किलो फरक पडतो आणि इन्शुलिनला होणारा विरोध कमी होतो. पोट बिघडू शकतं, दीर्घकाळ घेतल्यास बी१२ तपासावं लागतं, आणि आधी मूत्रपिंडाची तपासणी हवी. दुसरी, औषध बदलणं. ॲरिपिप्रॅझोल, ल्युरॅसिडोन ही चयापचयाच्या दृष्टीने सौम्य. पण पंख्यातला आवाज गेलाय तो ओलान्झापीनवर, दुसऱ्यावरही जाईलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. बदल करायचाच तर हळूहळू, एक चढवत दुसरं उतरवत, आणि कोर्सची परीक्षा वगैरे नसतानाच्या काळात. तिसरी, लिराग्लुटाइडसारखी साखर आणि भूक कमी करणारी औषधं. ओलान्झापीन-क्लोझापीन घेणाऱ्या आणि साखर उंबरठ्यावर असलेल्यांवर त्याची चाचणी झाली आहे, १६ आठवड्यांत पाचेक किलोचा फरक पडला आणि साखर सुधारली. जिथे वजन आणि साखर दोन्ही हट्टाने वर राहतात तिथे मी हा विचार करतो. मला स्वतःला तुमच्या वर्णनावरून पहिली वाट आधी बोलावीशी वाटते, पण अंतिम निर्णय ज्यांनी भावाला पाहिलंय त्यांचा आणि भावाचा.

गोळी आपल्या मनाने थांबवू नका. २०१२ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण औषध चालू असणाऱ्यांत २७ टक्के आणि बंद केलेल्यांत ६४ टक्के होतं. "तू जेवलीस का" हा प्रश्न टिकवायचा आहे, हे मीही विसरणार नाही.

रानजाई

मनमोकळा, तुमचा प्रतिसाद वाचून मी कागद भावाला दाखवला. त्याने पूर्ण वाचला आणि विचारलं, "भूक गोळीमुळे आहे हे लिहिलंय का यात?" मग त्याने नवा तक्ता केला. एक रकाना "कोण माझ्याबद्दल बोललं" असा आहे, त्यात त्याने घरातल्यांची नावंही घातली आहेत. आई वाचून गप्प झाली. आता जेवताना कुणी काही म्हणत नाही.

चेतापेशी, लघवीचं पॅनेल रद्द केलं. नऊ दिवसांच्या प्रयोगाचं बाबांना सांगितलं, त्यांनी दोनदा विचारलं, "वजन न वाढताच?"

मनोवैद्य, एक राहिलं. तो दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढतो. हृदयाचं वाचून त्याने स्वतःच सोडायचं ठरवलंय. यासाठी काही सांभाळावं लागेल का?

मनोवैद्य

हो, आणि बरं झालं आधी विचारलंत. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातलं सीवायपी१ए२ हे विकर (एन्झाइम) वाढवतात, आणि ते विकर ओलान्झापीनचा निचरा लवकर करतं. निकोटीनचा यात हात नाही, धुराचा आहे. त्यामुळे सिगारेट सुटली की काही दिवसांतच तीच १५ मिलिग्रॅमची गोळी रक्तात जास्त भरते. झोप वाढणं, सुस्ती, चक्कर, भूक आणखी वाढणं असं दिसू शकतं. क्लोझापीनमध्ये हा परिणाम आणखी ठळक असतो, तेव्हा जुना_शुभंकर यांनीही लक्षात ठेवावं, घरात तसा प्रश्न असेल तर.

सिगारेट जरूर सोडू द्या, त्याच्या हृदयासाठी याहून मोठी गोष्ट नाही. फक्त सोडायची तारीख डॉक्टरांना आधी कळवा म्हणजे डोस कमी करायचा का ते ठरवता येईल. निकोटीनच्या पट्ट्या वापरल्या तरी औषधाच्या पातळीचा हा बदल होणारच, म्हणून "पट्टी लावलीय, मग काही फरक नाही" असं समजू नका. आणि पुढे कधी पुन्हा ओढायला लागला तर तेही सांगायला सांगा, कारण तेव्हा पातळी उलट खाली जाते आणि आवाज परत येऊ शकतात. त्याच्या तक्त्यात सिगारेटचा एक रकाना वाढवा, त्याच्याच हाताने. मेटफॉर्मिन आणि सिगारेट सोडणं एकाच आठवड्यात सुरू करू नका, कशाने काय झालं ते मग कळणार नाही.